तिसऱ्या फ्रेटवरचं गाव

डाळजमध्ये ‘जी’ हा सूर दिवसरात्र चालू असतो. बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट दाबलं की तो निघतो, सेकंदाला ४९ कंपनांचा. महावितरणची वीज ५० हर्ट्झची. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुपटीने, १०० हर्ट्झवर गुणगुणतो. तो वरच्या सप्तकातला जी. उसाच्या ट्रॉल्या ओढणारा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर मिनिटाला २००० फेऱ्यांवर धरला, तर त्याच्या इंजिनात सेकंदाला बरोबर ५० ठोके पडतात. कानाचा काटेकोर माणूस म्हणेल की ४९ आणि ५० मध्ये फरक आहे. आहे, वीज किंचित चढी आहे. पण ज्याला इथल्या एखाद्या खोलीत बसून स्वतःच्या बेस गिटारचा व्हिडिओ करायचाय, त्याला त्या फरकाचा काही उपयोग नाही. तो वाद्य पिशवीतून काढतो तेव्हा हा सूर आधीच खोलीत येऊन बसलेला असतो.

पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवण मागे टाकलं की डाळज येतं. डाळज नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन अशी मोजणीची तीन गावं. एका अंगाला हायवे, पूर्वीचा नऊ नंबर आणि आताचा पासष्ट. दुसऱ्या अंगाला उजनीचं बॅकवॉटर. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटली की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर लागतात. प्रत्येकाच्या मडगार्डवर स्पीकर, आणि त्या स्पीकरमध्ये काय वाजतंय ते ट्रॅक्टर दिसायच्या आधी जमिनीला कळतं. म्हणजे बेसची या गावाला टंचाई नाही. फक्त तो कुणी वाजवत नाही. तो लावला जातो.

घरात बेस गिटार आणली की पहिला प्रश्न ठरलेला. “आरं, नुसतं बुडबुड वाजतंय. ह्यात गाणं कुठंय?” हा माझ्या आजीचा प्रश्न, आणि या वाद्याबद्दल इतका नेमका प्रश्न मी नंतर कुठल्या संगीतशिक्षकाकडूनही ऐकला नाही. गाणं ह्यात नसतंच. बेस गिटारवाला गाण्याच्या खालून चालतो. गायक कुठल्या सुरावर उभा आहे आणि ढोलकीचा ठोका कुठे पडणार आहे, या दोन गोष्टींची गाठ मारणं एवढंच त्याचं काम. ते नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. तो वाजवायचा थांबला तर मात्र सगळं गाणं एकदम पोरकं होतं, आणि काय गेलं ते सांगता येत नाही.

अशा वाद्याचा एकट्याने व्हिडिओ करायचा म्हणजे मुळातच जरा उफराटा उद्योग आहे. तरी जगभर लाखो लोक तो करतात. पलंगावर बसून, मागे कपाट, कपाटावर सुटकेस, आणि मांडीवर जवळजवळ चार फुटांचं ते लांबलचक वाद्य.

वाद्य तसं तरुण. लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी हे काम माणसाहून उंच डबल बेस करायचा. तो गाडीत मावायचा नाही आणि विजेच्या गिटारींपुढे ऐकूही यायचा नाही. फेंडरने तो आडवा केला, गळ्यात अडकवला, फ्रेट बसवले आणि तारेची लांबी ३४ इंचांवर आणली. हे माप आजही बहुतेक बेस गिटारींना तसंच आहे. तार लांब आणि जाड का, तर वजन वाढवलं की सूर खाली जातो. सगळ्यात जाड तार ‘ई’ची, ४१ हर्ट्झच्या जराशी वर. मग ५५ची ए, ७३ची डी आणि ९८ची जी.

हे वाद्य मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत आलं ते बहुतांशी गोव्याच्या माणसांच्या हातांतून. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणारे गोवेकर वादक हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्राचा कणा होते. राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचम यांच्या ताफ्यात बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ त्यांच्यातलेच. पंचमच्या गाण्यांत बेस पुढे येऊन बोलतो असं जाणकार म्हणतात तेव्हा ते वाझ यांच्या बोटांबद्दल बोलत असतात. पण रेकॉर्डच्या पाकिटावर संगीतकार, गीतकार आणि गायक. वादकांना जागा नव्हती. ग्रेगरी बूथ या अमेरिकी अभ्यासकाने त्या काळातल्या स्टुडिओ वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक काढलं, तेव्हा कुठे या लोकांची कथा सलग कागदावर आली. पुस्तकाच्या नावातच पडदा आहे.

फक्त आपल्याकडेच असं झालं, असंही नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची साठच्या दशकातली गाणी जगाने डोक्यावर घेतली. त्यांतल्या बहुतेकांखाली जेम्स जेमर्सनचा बेस होता, आणि तो उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवायचा. त्या बोटाला सोबत्यांनी ‘हुक’ असं नाव ठेवलं होतं. मोटाउनच्या तबकडीवर या वादकांची नावं नीट छापली गेली ती १९७१ मध्ये, मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. जेमर्सन १९८३ मध्ये गेला. त्याचं ते एक बोट कसं चालायचं हे दाखवणारं चित्रण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच आहे. आज कुणी बेस शिकायला बसला की त्याला पहिल्यांदा तेच बघायचं असतं.

इथे व्हिडिओ आला आणि गोष्ट बदलली. मोहिनी डेचं उदाहरण जवळचं आहे. १९९६ मध्ये मुंबईत जन्मलेली, बंगाली घरातली मुलगी. वडील सुजॉय डे स्वतः सेशन बेसवादक. त्यांनी तिच्या हातात तीन-साडेतीन वर्षांची असताना बेस दिला. पुढे ती रणजित बारोट, लुई बँक्स, ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवायला लागली, नंतर स्टीव्ह वायसारख्या परदेशी गिटारवादकांबरोबर, आणि २०२३ मध्ये स्वतःच्याच नावाचा अल्बम काढला. पण तिची ओळख गावोगाव पोचली ती फोनच्या पडद्यावरून. आपल्या तालपद्धतीतले बोल तोंडाने म्हणत तेच बेसवर काढणारी मुलगी बघून ज्यांना बेस आणि गिटार यांतला फरक माहीत नाही तेही थांबतात. वडिलांच्या पिढीत वादक ऐकू यायचा आणि दिसायचा नाही. मुलीच्या पिढीत वादक दिसतो.

ऐकू येतो का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर ‘फारसा नाही’ असं आहे.

हिशेब साधा आहे. चार तारांच्या, वीस फ्रेटच्या बेस गिटारचा सगळ्यात उंच सूर ३११ हर्ट्झचा. फोनचा स्पीकर नखाएवढा. तो बहुतेक वेळा तीन-चारशे हर्ट्झच्या खाली मान टाकतो. अख्ख्या वाद्याचे मूळ सूर जिथे संपतात तिथे फोन सुरू होतो. जगातले बेसचे बहुतेक व्हिडिओ ज्या यंत्रावर बघितले जातात, त्या यंत्रातून बेसचा एकही मूळ सूर धड बाहेर पडत नाही.

तरी आपल्याला काहीतरी ऐकू येतं, ते का? तार नुसत्या एका वेगाने हलत नाही. ४१ हर्ट्झच्या सुराबरोबर ८२, १२३, १६४ अशी वरची चढती रांग असते. मेंदूला त्या रांगेतले काही सूर मिळाले तरी त्यांच्यामधलं अंतर मोजून तो खालचा, न वाजलेला सूर स्वतः बसवून घेतो. हे कोडं जर्मन शास्त्रज्ञ झीबेकने १८४१ मध्ये सायरनचे प्रयोग करून मांडलं. आपण सगळे ते रोज अनुभवतो. जुनी टेलिफोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून न्यायची. पुरुषाच्या आवाजाचा पाया १२० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तो लाइनीत शिरतच नव्हता. तरी मुंबईहून मामांचा फोन आला तर आवाज मामांचाच वाटायचा, मामींचा नाही.

म्हणून फोनसाठी बेस रेकॉर्ड करणारा माणूस एक उलटी युक्ती करतो. खालचा सूर वाढवत बसत नाही. आवाज थोडा फाडतो. ड्राइव्ह दिला की तारेचे वरचे सूर गर्दीने बाहेर येतात, तेवढे फोन वाजवतो आणि बाकीचं काम ऐकणाऱ्याच्या डोक्यात होतं. तारेवर नखाचा घासटा, फ्रेटवर तार आपटल्याची टकटक, हे जे एरवी दोष म्हणून काढून टाकतात तेच ठेवायचं. आणि उरलेलं डोळ्यांवर सोडायचं. पडद्यावर बोट जाड तारेवर पडताना दिसलं की कानाला खोल आवाज आल्यासारखं वाटतं. बेसच्या घरगुती व्हिडिओत चित्र ही सजावट नसते. निम्मा आवाज चित्रच काढतं.

आता प्रत्यक्ष काम. इथे जरा रेंगाळतो, कारण गावातल्या खोलीत हे करणाऱ्यासमोर जे येतं ते शहरातल्या स्टुडिओची माहिती देणाऱ्या लोकांना ठाऊक नसतं.

पहिला मोह असा की अॅम्प लावावा, समोर फोन ठेवावा, लाल बटण दाबावं. तीन अडचणी येतात. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलाय. आवाज मोठा झाला की तो स्वतःच दाबतो, लहान झाला की ओढून मोठा करतो, आणि सलग घुमणारा खालचा आवाज म्हणजे पंख्याचा किंवा वाऱ्याचा असणार असं समजून तो कापायला बघतो. दुसरी अडचण खोलीची. दहा बाय बाराची खोली आपल्याकडे सगळ्यात जास्त. बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासची लाट बरोबर बसते, दहा फुटांमध्ये ५६च्या आसपासची. तेवढे सूर घुमतात, शेजारचे मरतात. वाजवणारा एकसारखा वाजवत असला तरी रेकॉर्डमध्ये तो मधेच ओरडतो आणि मधेच पुटपुटतो. गाद्या लावून उपयोग नाही. ४१ हर्ट्झच्या सुराची लाट सव्वाआठ मीटर लांब असते, तिला गादी म्हणजे पडदासुद्धा नव्हे. तिसरी अडचण मांडणी. स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी, तिच्यावरची ताटं, पेले आणि पत्र्याचे डबे. प्रत्येक भांड्याचा स्वतःचा एक सूर असतो, आणि तो सापडला की ते भांडं उत्तर देतं. आमच्याकडे एक पातेलं ए वाजला की थरथरतं. घरात पत्रा असेल तर विचारूच नका.

तेव्हा आवाज हवेतून घ्यायचाच नाही. बेसची केबल सरळ ऑडिओ इंटरफेसमध्ये, इंटरफेस यूएसबीने लॅपटॉपला. साध्या इंटरफेसची किंमत चार-पाच हजारांपासून सुरू होते, म्हणजे बऱ्या बेस गिटारीपेक्षा कमीच. लेव्हल लाल दिव्याच्या बरीच खाली ठेवायची, कारण बोट जोशात कधी आपटेल ते सांगता येत नाही आणि फुटलेला आवाज नंतर जोडता येत नाही. कानात वायरवालाच हेडफोन. ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाने उशिरा पोचतो आणि माणूस तालाच्या मागे पळत राहतो.

केबल जोडली की डाळजचा जी पुन्हा भेटतो. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. तिला तारेचं हलणं कळतं तसंच भिंतीतल्या वायरिंगचं चुंबकीय क्षेत्रही कळतं. त्याला वादक ‘हम’ म्हणतात. फेंडरने १९५७ मध्ये प्रिसिजनच्या पिकअपचे दोन तुकडे केले, एकमेकांच्या उलटे जोडले. हम दोन्हींत सारखाच येतो, पण उलटा जोडल्यामुळे एकमेकांना खाऊन टाकतो. एकाच कॉइलचा पिकअप असेल तर ही सोय नाही. त्यात गावाकडच्या घरांत अर्थिंग बहुधा कागदावर असतं. तारांना हात लागला की हम कमी होतो आणि हात उचलला की वाढतो, हे दिसलं तर बऱ्याचदा घराचं अर्थिंग सध्या तुम्हीच असता. इलेक्ट्रिशियन बोलवावा, आणि तो येईपर्यंत लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवावा.

सगळ्यात स्वच्छ टेक कधी मिळतो? लाइट गेल्यावर. लॅपटॉप बॅटरीवर, फोन बॅटरीवर, इंटरफेस लॅपटॉपच्या जिवावर. पंखा बंद, फ्रीज बंद, मोटारी बंद, डीपी गप्प. ५० हर्ट्झ नावाची गोष्टच परिसरातून उठून गेलेली. एरवी ज्या लाइटच्या नावाने सगळं गाव बोटं मोडतं, तिच्या जाण्याची वाट बघणारा एक तरी माणूस गावात असतो, आणि तो बेसवाला असतो. घरात स्वस्तातला इन्व्हर्टर असेल तर तो मात्र आठवणीने बंद करायचा. त्याची वीज चौकोनी लाटांची असते. साध्या गुणगुणीच्या जागी ती करवतीसारखी खरखर देते.

चित्रालाही लाइट गेलेली बरी. ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला दिसत नाही, पण फोन ३० चित्रांवर लावला असेल तर पडद्यावर काळे पट्टे सरकतात. २५ चित्रं आणि शटर पन्नासाव्या हिश्शावर ठेवलं की ते थांबतात. दाराजवळ, सकाळच्या उन्हात बसलं तर हा प्रश्नच मिटतो. उलट, कडक उन्हात एक गंमत मिळते. फोनचा कॅमेरा चित्र एका दमात घेत नाही, एकेक ओळ वाचत जातो. भरपूर उजेडात शटर फार थोडा वेळ उघडतं, आणि कॅमेरा पुढच्या ओळीवर जाईपर्यंत तार हलून गेलेली असते. मग पडद्यावर ती तार सापासारखी वळवळताना दिसते. गिटारच्या तारांवरही हे होतं, पण बेसची तार जाड, तिचा झोका मोठा, म्हणून तिच्यावर ते जास्त दिसतं. खऱ्या तारेला असा आकार नसतो. तरी लोकांना हे फार आवडतं आणि मी ते ठेवतो. फोन आडवा धरायचा की उभा, हा वाद टिकटॉकवर २०२० च्या जूनअखेर बंदी आली आणि जुलैत रील्स आले तेव्हापासून उभ्याच्या बाजूने सुटलाय. चार फुटांचं वाद्य उभ्या चौकटीत बसत नाही, म्हणून मान वर करून ते तिरपं धरायचं आणि पाठ दुखवून घ्यायची.

आवाज लॅपटॉपमध्ये, चित्र फोनमध्ये. दोन्ही जुळवायला सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. सिनेमावाले पाटी आपटतात तीच गोष्ट. टाळीचा टोकदार ठसा आवाजाच्या आलेखात सापडतो, तळहात भिडल्याचं चित्र पडद्यावर सापडतं, आणि ते एकमेकांवर ठेवायचे. फक्त लॅपटॉपला ती टाळी ऐकू आली पाहिजे. बेसची केबल टाळी ऐकत नाही. म्हणून टाळीऐवजी तारांवर थाप मारावी. थाप दिसते आणि पिकअपलाही लागते. सेकंदाला २५ चित्रं म्हणजे एक चित्र सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शाचं. एका चित्राची चूक लक्षात येत नाही. तीन-चार चित्रं सरकली की बघणाऱ्याला वाटतं हा खोटं वाजवतोय, आणि मग तुम्ही कितीही खरं वाजवा.

इतकं करून वाजवायचं काय? बहुतेक जण गाजलेलं गाणं लावून त्यावर वाजवतात. त्यात दोन पेच आहेत. यूट्यूबने २००७ पासून ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा बसवलीय. ती मूळ गाणं ओळखते आणि जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे वळवते. ते ठीकच आहे. गाणं त्यांचं आहे. दुसरा पेच संगीताचा. मूळ गाण्यात आधीच कुणीतरी बेस वाजवलेला असतो. त्यावर तोच बेस पुन्हा वाजवला की दोन सारखे आवाज एकमेकांना धक्के देतात आणि खालचा पट्टा गढूळ होतो.

हा पेच २०१९ मध्ये अनपेक्षित रीतीने सुटला. डीझर या फ्रेंच कंपनीने ‘स्प्लीटर’ नावाची प्रणाली फुकट खुली केली. तिला तयार गाणं दिलं की ती गायन, ड्रम, बेस, पियानो आणि बाकीचं असे वेगवेगळे पदर काढून देते. नंतर तिच्याहून सरस प्रणाली आल्या. बेसवाल्यांनी तिचा पहिला उपयोग बेस काढून टाकायला केला, म्हणजे आपली जागा मोकळी होते. पण तिचा उलटा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. सगळं काढून टाकायचं आणि फक्त बेस ठेवायचा. इथून जवळ पळसदेवला पळसनाथाचं जुनं देऊळ उजनीच्या पाण्यात गेलेलं आहे आणि धरण खूप उतरलं की कोरडं वर येतं. पंचमची गाणी या यंत्रातून काढली की बेसचं तसंच होतं. अर्धशतक आपण ज्या गाण्यांवर डुललो त्यांत बेसवाला खाली काय करत होता, ते आता एकटं ऐकता येतं. कुठे तो सुराच्या आधी एक पाऊल टाकतो, कुठे मुद्दाम थांबतो. पदर पूर्ण स्वच्छ निघत नाही, ढोलकीचे शिंतोडे राहतात. तरी नाव न छापलेल्या माणसाचे हात दिसल्यासारखं होतं.

मुंबईचे चरणजित सिंग हेही असेच पडद्यामागचे सेशन वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. त्यांतलं टीबी-३०३ हे यंत्र बेसवादकाच्या ऐवजी वापरायचं म्हणून बनवलेलं. बेस म्हणून ते फसलं. कुणाला ते बेस गिटारसारखं वाटलं नाही, आणि १९८४ मध्ये कंपनीने ते बंद केलं. पण सिंग यांनी त्यातून भैरव आणि ललत काढले होते. पाच वर्षांनी शिकागोत त्याच यंत्रावरून ‘अॅसिड हाउस’ नावाचा नवा प्रकार निघाला. सिंग यांच्या तबकडीकडे त्या वेळी कुणी बघितलं नाही. २०१० मध्ये ती हॉलंडमधून पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले. चरणजित सिंग २०१५ मध्ये वारले, तोवर शेवटची दोन-तीन वर्षं त्यांना परदेशातल्या मंचांवर बोलावणी आली. तिथे लोक एका सत्तरीतल्या माणसाची बोटं यंत्रांवर फिरताना बघायला गर्दी करत होते.

गावातल्या बेसकडे परत येतो. लग्न-वरातीतल्या साउंडवाल्याच्या भाषेत पेट्यांचे दोन प्रकार, टॉप आणि बेस. बेसच्या पेट्या किती, यावर त्याची इभ्रत. छातीत धडकणारा तो ठोका बहुतेक वेळा संगणकात बनलेला असतो. मला त्याचा राग नाही. बॅकवॉटरच्या पलीकडच्या करमाळा तालुक्यातल्या नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ २०१६ मध्ये आला, तेव्हा अजय-अतुलने त्यासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत वाद्यवृंद वाजवून घेतला होता, आणि इथे मात्र ती सगळी गाणी आम्ही बेसच्या पेट्यांतूनच ऐकली. नाचलोही. पण एक तांत्रिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ती ज्या मापाने मोजतात त्याला ‘ए’ मापन म्हणतात, आणि ते माणसाच्या कानासारखं खालच्या सुरांना कमी भाव देतं. ५० हर्ट्झचा आवाज त्या मीटरवर ३० डेसिबल कमी भरतो. म्हणजे खिडक्यांची तावदानं हलवणारी गोष्ट मीटरला बरीचशी ऐकूच येत नाही. फोनला बेस ऐकू येत नाही, कायद्याच्या मीटरलाही येत नाही. मांडणीवरच्या पातेल्याला येतो.

आजीचा प्रश्न तरी राहिलाच होता. तिला उत्तर मिळालं ते व्हिडिओतून नाही, देवळात. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आमच्या तालुक्यातून जाते. बेलवाडीला रिंगण होतं. त्यामुळे या पट्ट्यात मृदंगाला कान तयार झालेले आहेत. मृदंगवाला बसला की पहिल्यांदा कणीक मागतो. भिजवलेल्या कणकेचा गोळा डाव्या पुडीवर थापतो, बोटाने पसरतो, वाजवून बघतो, थोडी काढतो, थोडी लावतो. पुडीवर वजन वाढलं की सूर खाली येतो. फेंडरने जाड तार लावली ती याच कारणाने. उजव्या पुडीवरची शाई आवाजाचे वरचे सूर एका शिस्तीत कसे आणते यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये लिहिलं आणि ते जगाला कळलं. डाव्या बाजूची कणीक मात्र प्रत्येक भजनाला ताजी लागते आणि भजन संपलं की खरवडून टाकतात. एकदा मी आजीला बेसची जाड तार आणि ती कणीक शेजारी शेजारी दाखवली. ती म्हणाली, “मग हे डाव्या हाताचंच हाय म्हण की.”

तिथून मला पुढचा व्हिडिओ सुचला, आणि अडचणही. अभंगाबरोबर बेस वाजवायचा तर मृदंगाची डावी बाजू आणि बेस एकाच पट्ट्यात येतात. दोघांनी एकाच वेळी खालून बोललं की कुणीच नीट ऐकू येत नाही. कुणीतरी जागा सोडायला हवी, आणि देवळात ती मृदंगवाल्याने सोडायची नसते. म्हणून डाव्या पुडीची धूम पडते तिथे मी गप्प राहणार आणि सूर तिच्या मागून धरणार. आमच्या मृदंगवाल्या काकांनी मान्य केलंय, एका अटीवर: कणीक ते स्वतःच्या कानाने लावतील, मशिनीने नाही. तेव्हा ट्यूनर बंद ठेवून मीच त्यांच्या पुडीला तारा मिळवायच्या. फोन स्टँडवर नको, पायरीवर ठेवायचा; काकांचा डावा हात आणि माझा उजवा हात एकाच चौकटीत आले पाहिजेत. देवळात ट्यूब दोन आहेत, दोन्ही मिणमिणत्या, म्हणून सकाळी. कोणत्या सकाळी ते वायरमनला विचारून ठरवू. शेतीपंपांची थ्री फेज कोणत्या आठवड्यात रात्रीची असते, म्हणजे सकाळी मोटारी गप्प असतात, ते त्याच्याकडे लिहिलेलं आहे.